हवाई ‘स्वखुशीने’ अमेरिकेत गेलं? कुणाच्या खुशीने?

परवा भाचीने वक्तृत्व स्पर्धेचं भाषण वाचून दाखवलं. त्यात होतं: ‘अमेरिकेने कधी वसाहती केल्या नाहीत. हवाई स्वखुशीने सामील झालं, जुलमी राणीपासून जनता सुटली, आणि फिलिपिन्सला अमेरिकेनेच स्वातंत्र्य दिलं.’ कुठून आणलंस विचारलं, तर आमच्याच घरच्या ग्रुपवरचा मेसेज! महिनाभरात तिसऱ्यांदा तो समोर आला, म्हणून हे लिहितेय.

‘स्वखुशीने’ हा शब्द तर चीड आणणारा आहे. १६ जानेवारी १८९३ ला ‘बॉस्टन’ युद्धनौकेवरून दीडशेहून जास्त अमेरिकन सैनिक हवाई राज्याच्या राजधानीत, होनोलुलूत उतरले. दुसऱ्याच दिवशी मूठभर गोऱ्या व्यापारी-वकिलांनी राणी लिलिउओकलानींची सत्ता संपल्याचं जाहीर केलं आणि अमेरिकेचे तिथले राजदूत जॉन स्टीव्हन्स यांनी त्यांना लगेच मान्यता दिली. राणीने रक्तपात नको म्हणून माघार घेतली. पण आपण अमेरिकेच्या बळापुढे नमतोय, या लोकांपुढे नाही, हे लेखी नोंदवून.

१८९७ मध्ये त्या नव्या सरकारचा अमेरिकेशी विलीनीकरणाचा करार झाला. मूळ हवाईयन तेव्हा जेमतेम ४०,००० उरले होते आणि विरोधाच्या अर्जावर सह्या पडल्या २१,००० हून जास्त! बायकांनी बेटाबेटांवर फिरून त्या गोळा केल्या. अमेरिकेच्या सेनेटमध्ये कराराला दोन तृतीयांश मतं जमेनात. मग जुलै १८९८ मध्ये, स्पेनशी युद्ध चालू असताना, साध्या बहुमताच्या ठरावाने बेटं घेतली. माझं म्हणणं पटत नसेल तर अमेरिकन काँग्रेसचा १९९३ चा माफीचा ठराव वाचा. मूळ हवाईयन लोकांनी आपल्या सार्वभौमत्वावरचा हक्क राजेशाहीमार्फत किंवा सार्वमताने कधीच थेट सोडला नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

राणी नवी राज्यघटना आणून राजसत्तेचे अधिकार वाढवू पाहत होती, हे खरं आहे. तेवढं मान्य. पण जी घटना तिला बदलायची होती, ती १८८७ मध्ये तिच्या भावाकडून, राजा कलाकाउआकडून, बंदुकीच्या धाकाने सही करून घेतलेली होती. मालमत्तेच्या अटी घालून त्या घटनेने असंख्य हवाईयनांचं मत काढून घेतलं होतं. मग जुलमी कोण?

फिलिपिन्सचं थोडक्यात सांगते. त्यांनी १२ जून १८९८ ला स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. डिसेंबरमध्ये पॅरिसच्या तहाने अमेरिकेने स्पेनला २ कोटी डॉलर देऊन तो देश घेतला, फिलिपिनो प्रतिनिधीला बोलणीत बसूही न देता. फेब्रुवारी १८९९ मध्ये फिलिपिनो आणि अमेरिकन यांच्यात युद्ध पेटलं. स्वातंत्र्य ‘दिलं’ ते १९४६ मध्ये.

भाचीने ‘स्वखुशीने’ खोडलं. तिथे आता २१,००० सह्या आल्यात. तेवढा ग्रुपवरचा मेसेजही कुणीतरी काढा.