शिक्का कुठाय?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. सकाळपासून आंब्याच्या पेट्या भरून कंबर मोडलीय, पण हे लिहून टाकल्याशिवाय झोप लागायची नाही.

पुतणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. काल तिच्या प्रोजेक्टचा रिव्ह्यू होता. रात्रीच्या एसटीने देवगडात उतरली ती गप्पच. धड जेवली नाही. आज दुपारी मांगरात पेंढा पसरताना तोंड उघडलं. रिव्ह्यूला तिने नेलं होतं काय, तर लिनक्स कर्नलला पाठवलेली तीन पॅचची सिरीज. (लिनक्स ही जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टीम, कर्नल तिचा गाभा, आणि पॅच म्हणजे त्याच्या कोडमध्ये सुचवलेला बदल.) नुसती पाठवलेली नव्हे, घेतली गेलेली. सरांनी दोन पानं उलटली आणि म्हणाले, "हे ईमेल आहेत. ईमेल तर मीपण रोज पाठवतो. कंपनीचं सर्टिफिकेट कुठाय? शिक्का कुठाय?"

शिक्का!

त्याच दिवशी त्याच खोलीत पैसे मोजून आणलेले प्रोजेक्ट पास झाले. काळं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. आत काय आहे ते आणणाऱ्यालाही ठाऊक नाही. कॉलेजचं नाव लिहीत नाही, पोरीला अजून तिथून बाहेर पडायचंय.

तिने काय केलं ते सांगतो. गेल्या सीझनला दादाच्या अढीत तिने तापमान आणि दमटपणा मोजणारा सेन्सर बसवला. एक लहानसा बोर्ड, त्यावर लिनक्स, आकडा दादाच्या मोबाईलवर. दोन दिवस आकडा हलेना. २९.४, २९.४, २९.४. दादा खूश, अढी कशी एकसारखी चाललीय! ही मात्र उठून बघायला गेली. उंदराने वायर कुरतडून ठेवली होती. सेन्सर मेलेला आणि आकडा जिवंत. दुसरं कोणी असतं तर नवी वायर जोडून मोकळं झालं असतं. हिने वायर जोडली आणि मग ड्रायव्हरचा, म्हणजे सेन्सरचं बोलणं लिनक्सला समजावणाऱ्या प्रोग्रॅमचा, कोड उघडून बसली. सेन्सरकडून उत्तर आलं की नाही हे तो ड्रायव्हर बघतच नव्हता. उत्तर नाही आलं की मागचाच आकडा पुढे ढकलायचा. वर्गात नसलेल्या पोराची हजेरी मित्राने लावावी तसं.

आता हे दुरुस्त करून पाठवायचं तर कर्नलला पॅच मेलनेच जातो. प्रत्येक बदलाची एक फाइल, 'गिट फॉरमॅट-पॅच' ती करून देतो (गिट म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारा प्रोग्रॅम). पुढे कव्हर लेटर, त्यावर ०/३. मग १/३, २/३, ३/३. कोणाला पाठवायचं, म्हणजे कोडचा तो भाग सांभाळणारा मेंटेनर कोण, ते 'गेट-मेंटेनर' नावाची स्क्रिप्ट सांगते, शिस्तीच्या चुका 'चेकपॅच' काढून दाखवतो, आणि 'गिट सेंड-ईमेल' पाठवतो. साधा मजकूर. अटॅचमेंट चालत नाही. कव्हर लेटर म्हणजे आपलं गाऱ्हाणंच समजा: अडचण काय, मागणं काय, आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं की त्याला रिव्ह्यूड-बाय म्हणायचं. प्रत्येक पॅचखाली साइन्ड-ऑफ-बाय, स्वतःच्या नावाने. हे द्यायचा हक्क मला आहे, याची ती कबुली. २००४ पासूनची रीत आहे ही. सही म्हणतात ती हीच, सर.

मला एवढा राग का येतोय ते माझं मलाही ठाऊक आहे. २०१३ चा जुलै.

तेव्हा मी पुण्याची नोकरी सोडून घरी आलेलो. 'मुलगा परत आला' हे वाक्य गावात कोणत्या सुरात म्हणतात ते इथल्या लोकांना सांगायला नको. घरात रेंज शून्य. डोंगलला जरा जीव यायचा तो वर सड्यावर, पाण्याच्या टाकीपाशी. मी घरी बसून तीन पॅच केले, कव्हर लेटर लिहिलं, स्वतःलाच एकदा पाठवून पाहिलं आणि संध्याकाळी लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सडा चढलो. सोबत ही पुतणी. चौथीत होती. छत्री धरायला घेतली होती. कातळावर पाणी वाहत होतं, वारा असा की छत्री उलटी होत होती, आणि ही दोन्ही हातांनी दांडा धरून उभी.

"काका, कोणाक धाडतंस?"

म्हटलं, आहे एक जण, लांब युरोपात.

"वळखीचो?"

नाही म्हटलं.

"वळखीचो नाय तर तो वाचतलो कित्याक?"

मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. ०/३ गेला, १/३ गेला, २/३ गेला, आणि रेंज गेली. अर्धा तास उभे राहिलो. पोर थंडीने कापायला लागली तसे खाली आलो.

दुसऱ्या दिवशी बाजारात सायबर कॅफेत जाऊन मेल उघडला तर त्या अनोळखी माणसाचं उत्तर आलेलं. एकच ओळ: ३/३ मिळाला नाही, कुठाय?

बघा. त्यालाही काहीतरी 'कुठाय' असंच विचारायचं होतं. त्याने तिसरा पॅच विचारला.

तर हे असं आहे. पुण्याचे मित्र हसतात, जग कुठे गेलं आणि तुम्ही अजून मेल पाठवता, वेबसाइटवर एक बटण दाबलं की काम होतं हल्ली. असेल. बहुतेक प्रोजेक्टांत तसंच आहे, आणि सेटिंग किचकट आहे हे मान्य, मला पहिल्यांदा दोन दिवस लागले होते. पण ज्यांच्याकडे चोवीस तास वायफाय आहे त्यांनी बटणाच्या गोष्टी कराव्यात. आमच्याकडे पावसात लाईट गेली की ती कधी येईल ते देवाला ठाऊक. पॅचचा मेल असतो काही केबीचा. काम सगळं घरी बसून, नेटशिवाय. सडा चढायचा फक्त पाठवायला आणि आलेलं उतरवून घ्यायला. उत्तर वाचायचं खाली येऊन, चहा घेऊन, चार वेळा. लिनक्स १९९१ चं, गिट २००५ चं. गिट जन्मलं ते कर्नलच्या कामासाठी, आणि मेलमधला पॅच उचलून जागच्या जागी लावायची सोय त्यात आजही आहे. ज्यांना ही पद्धत म्हातारी वाटते त्यांनी सड्यावर येऊन एकदा ती जड वेबसाइट उघडून दाखवावी. चहा माझ्याकडून.

परत त्या ३/३ वर येतो. कॅफेत बसलोय, लॅपटॉप घरी, पॅच पेनड्राइव्हवर. मी शहाण्याने काय केलं, तो ब्राउझरमध्ये कॉपी-पेस्ट करून पाठवून दिला. जाणकारांनी आत्ताच कपाळावर हात मारला असेल. कर्नलच्या कोडमध्ये ओळीच्या सुरुवातीला टॅब असतात, एकेक आठ अक्षरांचा. ब्राउझरने त्यांच्या केल्या स्पेस, लांब ओळी मोडल्या मधूनच. वर तो आधीच्या मेलांना जोडला न जाता सुटा जाऊन पडला, लग्नात चुकून दुसऱ्याच पंगतीला बसलेल्या माणसासारखा. उत्तर आलं: पॅच लागत नाही, तुमच्या मेल प्रोग्रामने खराब केलाय, पूर्ण सिरीज व्ही-२, म्हणजे दुसरी आवृत्ती, म्हणून पुन्हा पाठवा. आणि पुन्हा पाठवताय तर हेही बघा, असं म्हणून खाली माझ्या ओळींच्या मधे मधे लिहिलेली त्याची टिपणं. अकरा होती, मोजली होती मी. काय बदललं ते कोडवरून दिसतंय, का बदललं ते लिहा. इथे एका पॅचमध्ये दोन कामं आहेत, वेगळी करा. हे नाव चुकीचं आहे.

त्या अकरा टिपणांनी मला जेवढं शिकवलं तेवढं चार वर्षांच्या कॉलेजने... जाऊ दे. तो विषय काढला की मी फार बोलतो.

पुढे व्ही-२ झाला, व्ही-३ झाला. प्रत्येक वेळी तीन रेघांच्या खाली मागच्यापेक्षा काय बदललं ते लिहायचं. व्ही-३ नंतर चार दिवस उत्तर नाही म्हणून मी उतावळेपणाने आठवण पाठवली. उत्तर आलं, मर्ज विंडो चालू आहे, दोन आठवडे नवं काही बघत नाही, किमान आठवडाभर तरी थांबत जा. नऊ-दहा आठवड्यांनी नवं कर्नल येतं, त्यातले पहिले दोन आठवडे तयार बदल मुख्य कर्नलमध्ये घ्यायची ही धामधूम. आमच्या शिमग्यासारखंच, पालखी बाहेर असताना कोणी सातबाराची गोष्ट काढत नाही. थांबलो. गणपतीच्या आदल्या आठवड्यात व्ही-४ ला उत्तर आलं, पॅच घेतल्याचं. "अप्लाइड, थँक्स."

दोन शब्द. बायोडेटा मागितला नाही, कॉलेज विचारलं नाही, पुण्याची नोकरी का सोडली ते विचारलं नाही. गावात तेव्हा रोज कोणीतरी विचारत होतं.

ज्यांना वाटतं तिथे सगळे संत आहेत, तर नाहीत. पूर्वी तोंडाळ बोलणी चालायची, लिनक्स सुरू करणाऱ्या खुद्द लायनस टॉरवाल्ड्सने २०१८ च्या सप्टेंबरात त्याबद्दल माफी मागून काही दिवस काम बाजूला ठेवलं होतं. हेही खरं, लिहून टाकलं.

पण पुतणीच्या सिरीजवर मेंटेनरचं आलेलं उत्तर मी वाचलंय. हिने आधी कोडची सफाई केली होती, १/३ मध्ये, आणि खरी दुरुस्ती २/३ मध्ये. त्याने लिहिलं, दुरुस्ती पहिली ठेव, सफाई मागाहून, म्हणजे नुसती दुरुस्ती जुन्या आवृत्त्यांमध्येही उचलून नेता येईल. आणि ही चूक कोणत्या कमिटपासून, म्हणजे कोडमधल्या कोणत्या नोंदलेल्या बदलापासून, आली ते शोधून 'फिक्सेस' ओळीत लिही. हिने दोन रात्री बसून तो कमिट शोधला. दहावी-बारावीत 'असं का?' विचारलं की 'परीक्षेला नाही' हे उत्तर मिळालेली पोरगी, तिला कोणीतरी 'का ते लिही' म्हणून सांगतंय. ती खुळ्यासारखी खूश होती त्या दिवशी. चुका काढल्या म्हणून खूश!

दादाला यातलं काही कळत नाही. तेव्हा तिने त्याला उत्तर वाचून दाखवलं होतं, मराठीत करून. तो आंबे निवडत होता, हात न थांबवता म्हणाला, "आमचो दलाल पट्टीत लिहिता काय रे, भाव कित्याक उतारलो ता? तुझो तो साहेब कारण तरी लिहिता."

तीस वर्षं पेटी पाठवणारा माणूस आहे. पेटी जाते, पट्टी म्हणजे दलालाचा हिशेब येतो, आकडा लिहिलेला असतो. डाग होता की आतून गर बिघडून साका निघाला की नुसतीच त्या दिवशी आवक जास्त होती, कोण सांगणार? पुढच्या वर्षी सुधारायचं तरी काय? दादा हे बोलला तेव्हा मी हसलो होतो. आज हसायला येत नाही, कारण काल त्याच्या पोरीला कॉलेजने अशीच पट्टी दिली.

आणि सगळ्यात जास्त काय झोंबलं ते सांगतो. तिच्या रिपोर्टात तिसऱ्या पानावर एक मेल होता. तिची दुरुस्ती स्टेबल कर्नलमध्येही घेतली, एवढंच कळवणारा. म्हणजे जी जुनी आवृत्ती लोक खरोखर वापरतात, तिच्यात. दुरुस्ती आधी ठेवायला सांगितली होती ती याचसाठी. तिसऱ्या पानावर. सर दुसऱ्या पानापर्यंतच आले.

आता जरा शांत झालोय. मधे उठून पाणी पिऊन आलो. सरांना वरून छापील फॉर्म आलेला असणार, त्यात 'कंपनीचे नाव' असा रकाना असणार, आणि रकाना भरला नाही तर त्यांचीही कोणीतरी घेणार. बहुधा पन्नास पोरं एका दिवसात बघायची असतात त्यांना. ठीक आहे. पण सर, एक पान. एक पान अजून उलटायचं होतं.

गुरुवारी पुन्हा रिव्ह्यू आहे. म्हणते, सगळा पत्रव्यवहार छापून नेते, व्ही-१ पासून. मी म्हटलं, ने, आणि प्रत्येक टिपणाखाली तू काय केलंस तेही ने. मी सोबत येऊ का विचारलं तर नको म्हणाली. बरोबर आहे. मी तिथे तोंड सांभाळलं नसतं.

हे लिहिता लिहिता लाईट गेली, मोबाईलवर टाइप करतोय. ती बाहेर खळ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलीय, उजेड तेवढा स्क्रीनचा. त्याच ड्रायव्हरमध्ये दमटपणाच्या आकड्याचाही तसाच घोळ सापडलाय म्हणे. दोन पॅच तयार आहेत, कव्हर लेटर झालं. घरची रेंज लाईटबरोबर गेली.

आत्ताच हाक आली. "काका, चल, सड्यार जावया. छत्री नको, बॅटरी घे."