मुंबईखाली कार्बन डायऑक्साइड भरणार? एक खुलासा
‘पवईच्या आयआयटीने मुंबईखालच्या खडकात कार्बन डायऑक्साइड भरायचे ठरवले आहे, कॅमेरूनमधल्या न्योस तलावासारखी दुर्घटना इथेही होईल’, असा मजकूर सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. त्यातला पहिला भाग निराधार आहे, दुसरा गैरसमजावर उभा आहे.

आयआयटीत आहे ते कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्याआधी पकडून त्याचा वापर किंवा साठवण करण्याच्या तंत्रज्ञानावरचे, केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणारे संशोधन केंद्र. याच विषयावरचा नीती आयोगाचा २०२२ चा अहवालही धोरणाची चौकट सुचवतो, कोणत्या जागेला परवानगी देत नाही.

न्योस येथे २१ ऑगस्ट १९८६ रोजी तलावातून अचानक बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडने गुदमरून सुमारे १,७०० माणसे दगावली हे खरे; परंतु तो वायू ज्वालामुखीच्या पोटातून झिरपून तलावाच्या तळच्या पाण्यात विरघळत गेलेला होता, कोणी साठवलेला नव्हता. याउलट नॉर्वेच्या स्लाइपनर या समुद्रातील नैसर्गिक वायूच्या क्षेत्रात १९९६ पासून वर्षाला सुमारे १० लाख टनांपर्यंत कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखालच्या सच्छिद्र वालुकाश्मात सोडला गेला, आणि वरचा शेलचा (चिखलापासून बनलेल्या खडकाचा) घट्ट थर त्यावर झाकणासारखा बसलेला आहे. (हे घडले ते १९९१ च्या कार्बन करामुळे, म्हणजे हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडवरच्या करामुळे, निव्वळ पर्यावरणप्रेमाने नव्हे.)

अफवेचे मूळ बहुधा बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेल्या खडकात, असावे. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर उभ्या खांबांसारखा दिसणारा काळा पाषाण तो हाच. आइसलँडमध्ये पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडलेला बहुतेक वायू, खडकातल्या कॅल्शियमशी संयोग होऊन, दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाला. म्हणून दख्खनच्या बेसॉल्ट खडकाचाही अभ्यास होतो. या तंत्रज्ञानावर खरा आक्षेप घ्यायचाच, तर तो वायू पकडण्यास लागणाऱ्या ऊर्जेवर आणि खर्चावर घ्यावा.