चुकीचा पर्याय अचूक कसा निवडावा
अमेरिकेतील विधी महाविद्यालयांसाठी असलेल्या एलसॅट या प्रवेशपरीक्षेतून ऑगस्ट २०२४ पासून मांडणीची कोडी (दिलेल्या अटींत बसेल असा क्रम किंवा गट लावण्याची) वगळण्यात आली आणि तर्कबुद्धीच्या गुणदायी विभागांची संख्या एकावरून दोनावर गेली. प्रत्येक विभागात ३५ मिनिटांत सुमारे २५ प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिटही मिळत नाही. इतक्या घाईत विचार करीत बसणे हा अविचारच होय. म्हणून ‘या युक्तिवादात दोष कोणता?’ असे विचारणाऱ्या प्रश्नांपुरते काही उपाय सुचवीत आहे.

उतारा वाचताच निष्कर्ष गाठावा आणि तो आपल्याला पटतो की नाही, एवढेच पाहावे. पटत असेल तर दोष असूच शकत नाही, आणि पटत नसेल तर तो प्रत्येक ओळीत आहे. काही किरकिरे शिक्षक सांगतात की आधारविधाने खरी मानावीत आणि त्यांच्यावरून निष्कर्षाकडे जी उडी घेतली आहे, तेवढीच तपासावी. आपण भांडण आधारविधानांशीच काढावे. ‘नियमित सायकल चालवणारे अधिक तंदुरुस्त असतात, म्हणून सायकल चालवल्याने तंदुरुस्ती येते’ असे वाचले, की सायकलस्वार खरोखरच तंदुरुस्त असतात का, यावर मनातल्या मनात वाद घालावा. मुळात तंदुरुस्त माणसेच सायकलीकडे वळत असतील, अशी शंका आलीच तर ती तत्काळ झटकून टाकावी, कारण ती थेट बरोबर उत्तराकडे नेते.

आवश्यक अट आणि पुरेशी अट यांत भेद करू नये. परवान्यासाठी चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते आणि अर्जदार उत्तीर्ण झाला आहे, तेव्हा परवाना त्याच्या खिशात आलाच असे समजावे. या बाबतीत आपण एकटे नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या कोड्यात चार पत्ते असतात, प्रत्येकाच्या एका बाजूस अक्षर आणि दुसऱ्या बाजूस संख्या; त्यांवरून ‘एका बाजूस स्वर असेल तर दुसऱ्या बाजूस सम संख्या असते’ हा नियम तपासायचा असतो, आणि नियम मोडला की नाही हे दाखवू शकणारा विषम संख्येचा पत्ता बहुतेक जण उलटतच नाहीत, आणि अनेक जण त्याऐवजी सम संख्येचा उलटतात. एवढे लोक चुकत असतील, तर चूक कोड्याचीच असणार. (हाही एक तर्कदोष आहे, पण तो आपल्या बाजूचा आहे.)

पर्याय निवडताना भारदस्त वाटेल तो उचलावा. उताऱ्यात कोणत्याही पाहणीचा उल्लेख नसताना ‘नमुना प्रातिनिधिक नाही’ या पर्यायावर खूण करण्यास विद्वत्ता आणि धैर्य दोन्ही लागतात. युक्तिवाद हे खरोखर करतो का, आणि करीत असला तरी तो दोष ठरतो का, असे दोन प्रश्न प्रत्येक पर्यायाला विचारणारे लोक परीक्षकाच्या मेहनतीवर पाणी फिरवतात. प्रसिद्ध पण गैरलागू दोष शोधून पेरताना बिचाऱ्याने किती कष्ट घेतलेले असतात! ‘लेखकाने अन्य उपायांचा विचार केलेला नाही’ हा पर्याय तर डोळे मिटून घ्यावा, कारण जगातील सर्व उपायांचा विचार चार वाक्यांत कोणीच करीत नाही.

सराव संपल्यावर उत्तरतालिकेतील अक्षर पाहून मान डोलवावी. आपण ज्याला भुललो तो पर्याय का भुलवून गेला, याची चौकशी करू नये. एवढे करूनही एखादे उत्तर बरोबर आलेच, तर नाइलाज आहे: या परीक्षेत चुकीसाठी गुण कापत नाहीत, त्यामुळे अनवधानाने मिळालेला गुण पदरात तसाच राहतो.