नोएल ब्राउनला आयाराम-गयाराम म्हणणाऱ्यांना

आज सकाळी आपल्या डब्लिनच्या मराठी ग्रुपवर एकाने नोएल ब्राउनच्या, म्हणजे आयर्लंडच्या एका जुन्या आरोग्यमंत्र्याच्या, पक्षांची यादी टाकली. क्लान ना पोब्लाख्ता, फिअना फॉल, नॅशनल प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्स, लेबर, सोशालिस्ट लेबर. खाली एक ओळ: "हा घ्या आयरिश आयाराम-गयाराम." त्यावर धडाधड हसरे चेहरे. दुपारपर्यंत गप्प बसले. आता नाही राहवत.

पाच पक्ष झाले, कोण नाही म्हणतंय? पण पक्ष सुटताना त्याच्या पदरात काय पडलं, ते बघितलंत? 1951 मध्ये मंत्रिपद गेलं. 1957 मध्ये फिअना फॉलने तिकीट नाकारलं. 1973 मध्ये लेबर पक्षाच्या शपथपत्रावर सही करायला नकार दिला आणि उमेदवारीवर पाणी सोडलं. खुर्चीसाठी उड्या मारणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत, त्यांच्या रांगेत या माणसाला उभं करताना जीभ कशी रेटते?

आमच्या शेजारी एक आजी राहतात. ऐंशी कधीच ओलांडलेल्या. माहेर रिंग्सेंडचं, बंदराजवळची कामगार वस्ती. त्यांचा थोरला भाऊ टीबीने घरातच गेला. मग आजींना खोकला लागला, तेव्हा त्या सात-आठ वर्षांच्या. शेजारपाजारच्यांनी येणं बंद केलं. टीबी म्हणजे घराण्याला बट्टा, नाव काढायचं नाही. त्या काळात आयर्लंडमध्ये दरवर्षी तीन-चार हजार माणसं टीबीने जात होती, आणि सॅनटोरियममध्ये खाट मिळायची वाट बघता बघताच अनेक संपत. आजींना मात्र खाट मिळाली. स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शनं मिळाली. त्या घरी परत आल्या.

ती खाट कुणामुळे मिळाली, हे त्यांच्या आईला पक्कं ठाऊक होतं.

ब्राउनचं स्वतःचं घर टीबीने खाल्लेलं. वडील गेले. आई पोरांना घेऊन लंडनला पोचली आणि तिथे थोड्याच दिवसांत गेली. काही भावंडंही गेली. हा कुणाकुणाच्या दयेवर शिकला, ट्रिनिटी कॉलेजातून डॉक्टर झाला, आणि शिकता शिकता त्यालाही टीबी झाला. वाचला. फेब्रुवारी 1948 मध्ये निवडून आला आणि लोकसभेत, म्हणजे डॉलमध्ये, पाऊल ठेवलं त्याच दिवशी आरोग्यमंत्री झाला. वय 32. घोड्यांच्या शर्यतींवरच्या हॉस्पिटल लॉटरीचा निधी साठून पडला होता, त्याच्या नुसत्या व्याजावर न थांबता याने मुद्दलच काढली आणि दोनेक हजार नवीन खाटा उभ्या केल्या. टीबीचा आराखडा डॉ. जेम्स डीनी यांनी आधीच करून ठेवला होता आणि औषधही नेमकं तेव्हाच आलं, असं अभ्यासक म्हणतात. बरं, असेल. आराखडे फायलींत पडून राहतात हे तुम्हा-आम्हाला कुणी सांगायला नको.

मग त्याने दुसरी योजना आणली. बाळंतपण मोफत, सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना डॉक्टर मोफत, आणि उत्पन्नाचा दाखला कुणी मागायचा नाही. भीक नाही, हक्क. बस, इथेच पेटलं. डॉक्टरांच्या संघटनेला स्वतःच्या फीची काळजी. बिशपांचं म्हणणं, घरातल्या आई-मुलांच्या गोष्टीत सरकारने नाक खुपसायचं नाही, कॅथलिक बायकांना भलतंसलतं शिकवलं जाईल. आर्चबिशप जॉन चार्ल्स मॅक्वेड यांनी डोळे वटारले आणि अख्खं मंत्रिमंडळ गार. पंतप्रधान जॉन कॉस्टेलो यांनी तर भर सभागृहात सांगितलं की मी कॅथलिक आहे, चर्चच्या आज्ञेत राहणार. ब्राउनचा राजीनामा मागितला कुणी? त्याच्याच पक्षाच्या नेत्याने, शॉन मॅकब्राइडने!

हे लिहिताना माझे हात थरथरतायत. ज्या पक्षाने बाळंतिणींना वाऱ्यावर सोडलं, त्या पक्षात त्याने निष्ठेने बसून राहायला हवं होतं? हीच का तुमची निष्ठा?

एप्रिल 1951 मध्ये त्याने राजीनामा दिला आणि बिशपांशी, पंतप्रधानांशी झालेला सगळा पत्रव्यवहार वर्तमानपत्रांना देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी 'आयरिश टाइम्स'मध्ये देशाने वाचलं की सरकार नेमकं कोण चालवतं. लगेच निवडणूक झाली. ब्राउन अपक्ष म्हणून निवडून आला, आणि मॅकब्राइडच्या पक्षाचे दहाचे दोन उरले.

आजींची आई रोज संध्याकाळी जपमाळ घेऊन बसणारी, रविवारची चर्चमधली मास न चुकवणारी. पण पेपरातला ब्राउनचा फोटो कापून तिने प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला होता. धर्मगुरूच्या देखत तेच पुस्तक उघडायची. आणि दर निवडणुकीत मत त्यालाच. त्या काळी इथल्या मतपत्रिकेवर पक्षाचं नाव छापतच नसत, फक्त उमेदवाराचं. पक्षांची नावं 1965 च्या निवडणुकीपासून आली. तोवर त्या बाईला तो कुठल्या पक्षात गेला याने काडीचाही फरक पडला नव्हता.

1953 मध्ये तो फिअना फॉलमध्ये गेला, ते मलाही पटत नाही. पुढच्याच वर्षी त्यांच्या तिकिटावर पडला. पण पुढे अपक्ष म्हणून परत निवडून आल्यावर त्याच पक्षाच्या एमन डी व्हॅलेरांना त्याने सभागृहात धारेवर धरलं. पंतप्रधान असताना 'आयरिश प्रेस' या वर्तमानपत्राचा ताबा तुमच्या हातात कसा, हा प्रश्न विचारणारा तोच.

स्वभावाने कडू होता, तेही खरं. 1986 मध्ये आलेल्या आत्मचरित्रात जुन्या सहकाऱ्यांची सालटी काढली आहेत, काही ठिकाणी अन्यायानेच. 1990 मध्ये लेबरमधल्या काहींना तो राष्ट्रपतिपदासाठी हवा होता, नेतृत्वाने मेरी रॉबिन्सनना निवडलं, आणि ते त्याला पचलं नाही. 1997 मध्ये गेला. आईबापाविना वाढलेलं, स्वतःच्या फुप्फुसांवर भरवसा नसलेलं पोर गोड बोलायला कुठे शिकणार होतं? मी आजींना विचारलं होतं, तो भांडखोर होता म्हणतात. त्या म्हणाल्या, "असू दे की. आमच्यासाठी दुसरं कोण भांडत होतं?"

ग्रुपवर हसलेल्यांपैकी निम्म्यांची बाळंतपणं इथे झालीत, फुकट, सरकारी दवाखान्यात. तुमच्या सगळ्यांची पोरं इथे वाढतायत. सोळा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला मोफत डॉक्टर, हे त्याने 1951 मध्ये मागितलं होतं. सहा वर्षांखालच्यांना ते 2015 मध्ये मिळालं, आठ वर्षांखालच्यांना 2023 मध्ये. पुढच्या वयाच्या मुलांचं अजूनही उत्पन्न बघूनच ठरतं. माझ्या थोरलीला नववं लागलंय. परवा तिचा घसा दाखवायला साठेक युरो मोजले.