आश्रितांची सोय, सोयीची देखरेख

उद्या तुमच्या नशिबात एखाद्या श्रीमंत देशाचं गृहखातं आलं, तर घाबरून जाऊ नका. आश्रय मागायला आलेल्या माणसांना ठेवायचं कुठं, हा काही मोठा प्रश्न नाही. तंबू, बराक, बोट, काहीही चालतं. कसब लागतं ते त्या जागेवर आपलं बारीक लक्ष आहे असं दिसण्याला. ही विद्या ब्रिटनने फार वर नेली आहे. शिकवणी लावायची तर तिथंच लावा.

सुरुवातीलाच एक पथ्य. स्वतः घरमालक होऊ नका, कंत्राट द्या. ब्रिटनने २०१९ मध्ये सर्को, मिअर्स आणि क्लिअरस्प्रिंग्ज या तीन कंपन्यांना दहा वर्षांसाठी अख्खा देश वाटून दिला. तेव्हाचा अंदाज होता ४५० कोटी पौंडांचा. २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने पुन्हा आकडेमोड केली, तर बेरीज १,५३० कोटींवर गेली. आपल्याकडे एखाद्या धरणाचा खर्च तिप्पट झाला की आपण उगाच ओशाळे होतो.

कंत्राटात दंडाचं कलम हवंच. ते नसेल तर विरोधक ओरडतात. मात्र दंड कुठं लागू करायचा, हे शांत डोक्याने ठरवा. ब्रिटनच्या संसदीय समितीला ऑक्टोबर २०२५ मध्ये असं आढळलं, की हॉटेलांमध्ये गलथान कारभार झाला तर कंपनीला दंड करायची सोयच कंत्राटात नव्हती. आणि हॉटेलांत होतं काय? लेखापरीक्षकांच्या हिशेबाने २०२४-२५ मध्ये माणसं ३५ टक्के, खर्च ७६ टक्के. म्हणजे जिथं पैसा, तिथं माफी. त्याच हॉटेलात आयतं जेवण मिळणाऱ्या माणसाच्या हातावर आठवड्याला दहा पौंडही पडत नाहीत. त्यात त्याने बसचं भाडं आणि मोबाइलचा रिचार्ज बसवायचा. काटकसर कुठून तरी सुरू करावीच लागते.

गंमत म्हणजे, यातल्या दोन कंपन्यांनी संसदेच्या समितीपुढे आपणहून सांगितलं, की ठरल्यापेक्षा जास्त नफा झालाय, कोट्यवधी पौंड परत द्यायला तयार आहोत. खात्याचा हिशेबच अजून व्हायचा होता. देणारा दारात पिशवी घेऊन उभा आणि घेणारा घरात चष्मा शोधतोय, असं दृश्य आपल्या पंचायत समितीतही पाहायला मिळणार नाही.

काम नीट झालं की नाही, ही नोंद कंपनीलाच ठेवायला सांगा. विद्यार्थ्यानेच पेपर लिहावा, त्यानेच तपासावा, आपण फक्त निकालपत्रावर शिक्का मारावा. तक्रारीसाठी एक फोन नंबर ठेवा. छत गळतंय म्हणून माणूस फोन करेल, फोनवाले ते कंपनीला कळवतील आणि कंपनी पाहून घेईल. छत तेवढ्यात कुठं पळून जातंय?

आता पाहणी दौरा. आपल्याकडे साहेब येणार म्हटलं की रस्त्याकडेच्या दगडांना चुना फासतात, कुंड्या भाड्याने आणतात. हे मागासलेपण झालं. २०२३ मध्ये ब्रिटनचे स्थलांतर मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी उलटा धडा घालून दिला. आईबापाविना समुद्र ओलांडून आलेली पोरं डोव्हरच्या केंद्रात प्रथम जिथं आणली जातात, तिथल्या भिंतींवर मिकी माऊस वगैरे चित्रं होती. ती फारच स्वागतशील वाटतात म्हणून त्यांच्यावर रंग मारून घेतला. बिल आलं दीड हजार पौंडांच्या वर. निवासाच्या दर्जाबाबत मंत्री इतका दक्ष असल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पाण्याची तपासणीही वेळेवर करा. वेळ कोणती, एवढाच मुद्दा. डॉर्सेटमधल्या पोर्टलंड बंदरात बिबी स्टॉकहोम नावाची तीन मजली बोट आणून उभी केली होती, सुमारे ५०० पुरुषांसाठी. पाण्याचे नमुने जुलै २०२३ मध्ये घेतले आणि अहवाल हाती आला ७ ऑगस्टला, म्हणजे लोक बोटीवर चढायला लागले त्याच दिवशी. पाण्यात लिजिओनेला, म्हणजे फुफ्फुसांचा गंभीर आजार करणारे जिवाणू निघाले. तोवर चढलेल्या सगळ्या ३९ जणांना ११ ऑगस्टला खाली उतरवलं. नमुने घेतले, अहवाल आला, कारवाई झाली. फाईल बघा, एकही कागद कमी नाही. मधले चार दिवस तोंड धुतलं कशाने, हा रकाना फॉर्ममध्ये नसतो.

तपासनीस मात्र नेमाच, आणि तो स्वतंत्र असू द्या. स्वतंत्र म्हणजे त्याने स्वतः पाहावं, स्वतः लिहावं, आणि अहवाल संसदेत कधी ठेवायचा ते मंत्र्याने ठरवावं. डेव्हिड नील हे सीमा आणि स्थलांतर खात्यासाठीचे असे तपासनीस होते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ते केंटमधल्या मॅन्स्टनला गेले. माणसाला २४ तास ठेवण्यापुरतं केलेलं केंद्र, क्षमता १,६००, आणि त्या महिन्याच्या अखेरीस आत सुमारे ४,०००. एक अफगाण कुटुंब ३२ दिवस तंबूत होतं. पाहून आपण अवाक झालो, असं नील यांनी समितीला सांगितलं. तेव्हाच्या गृहमंत्री सुएला ब्रॅव्हरमन. वडील मूळचे गोव्याचे, केनियातून विलायतेत गेलेले. त्यामुळे यात अभिमानाचा थोडा वाटा आपल्याकडेही येतो, हवा असेल तर.

अवाक झालेला तपासनीस चालतो, बोलायला लागलेला चालत नाही. नील यांनी विमानतळावरच्या तपासणीची माहिती वर्तमानपत्राला दिली आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांना काढून टाकलं. अशा वेळी नवा माणूस शोधायची घाई करू नका. खुर्ची काही महिने रिकामी राहिली तर तिलाही विश्रांती मिळते. राहता राहिले साठलेले अहवाल. ते एकेक करून सोडू नका, लोक वाचतात. ब्रिटनने १३ अहवाल एकाच दिवशी बाहेर काढले. त्यांतला एक हॉटेलात ठेवलेल्या एकट्या मुलांबद्दलचा होता. एका हॉटेलात कर्मचारी मुलांशी खेळ खेळायचे, असं त्यात आहे: सांभाळायला घेणाऱ्या कुटुंबाचं पुढचं घर तुमच्यापैकी कोणाला मिळणार, ओळखा. तेरा अहवालांच्या ढिगात हे पान किती जणांच्या हाती लागलं असेल?

दिवसही काय निवडला, पाहा. २९ फेब्रुवारी. स्मरणदिन पाळायचा म्हटला, तर पुढचा थेट २०२८ मध्ये.