कोणाच्या घरचे वासे? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

एडिसनकर,

प्रतिक्रियेबद्दल आभार. इथे अमेरिकेत माझ्या जुन्या कंपनीवरच्या ओव्हरटाइमच्या दाव्यात सामील व्हावं की नाही, यावर मी लिहिलं. त्यावर आपलं म्हणणं असं: पगारी माणसाला ओव्हरटाइम नसतो, पैसे वकीलच खातात, बाकीचे जिंकले की मग बघावं, आणि वर, ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्यांनी आधी आरशात बघावं.’

वकिलांच्या फीबद्दल दोन ओळी हव्या होत्या, मान्य. पगारी म्हणाल तर नुसत्या पगारावर ठरत नाही, काम काय तेही बघतात; मी हेल्पडेस्कवर होतो, पुढचं कोर्ट बघेल.

पण वासे? कोणाच्या घरी जेवलो मी? शनिवारी रात्री सर्व्हर पॅच करायचे, पहाटे फोन वाजला की लॅपटॉप मांडीवर. सोमवारी टाइमशीटमध्ये खरे तास भरले की रकाना लाल, आणि लगेच मॅनेजरचा मेसेज: “आठच टाक रे, सिस्टिम घेत नाही.” मॅनेजर पुण्याचाच. ‘रे’ तेवढं आपुलकीचं!

माझे वडील लालबागला गिरणीत होते, 1982च्या संपापर्यंत. जादा काम केलं की फॅक्टरी कायद्याने दुप्पट दर. ते पैसे घेताना त्यांना कोणी कृतघ्न म्हटलं नाही, म्हणायची कोणाची टाप नव्हती. इथला फेडरल कायदा 1938चा, आठवड्याला 40 तासांच्या वर दीडपट देतो. म्हणजे मी बापापेक्षा कमीच मागतोय. तेव्हा मिठाला जागणं मला शिकवू नका. बारा-बारा तास राबून आठाचे घेतले, मीठ कोणी कोणाचं खाल्लं ते मोजा.

राहिलं ‘मग बघू’. हा शहाजोग सल्ला देण्याआधी दाव्याची नोटीस वाचायचीत. या दाव्यात सही केलेलं संमतीपत्र कोर्टात दाखल होईपर्यंत तुम्ही त्यात नसताच. दाखल झाल्या तारखेपासून मागची दोन वर्षं धरतात, मालकाने जाणूनबुजून केलं हे सिद्ध झालं तर तीन. मी नोकरी सोडून वर्ष उलटलंय. बसून राहिलो की दर आठवड्याला जुना एक आठवडा गळतो, आणि दुसरे जिंकले तरी माझ्या हाती भोपळा.

सही केली, कागद वकिलांकडे गेलेत. मी इथे स्वतःच्या नावाने लिहितो. यापुढे आपणही तसं लिहिलंत तरच उत्तर देईन.