थंडीत मिश्र मत्स्यपालन : दुप्पट खाद्याचा सल्ला चुकीचा

निफाड, सिन्नर, दिंडोरीकडच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'थंडीत मासे वाढत नाहीत, म्हणून शेततळ्यात खाद्य दुप्पट टाका.' कृपया असं करू नका.

मासा थंड रक्ताचा. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की कटला, रोहू, मृगळ यांची भूक मंदावते. न खाल्लेली पेंड-कोंडा तळाशी कुजतो, अमोनिया वाढतो, ऑक्सिजन घटतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर आधी खाद्य थांबवा, ताजं पाणी सोडा. एरवीही खाद्य कमीच करा आणि ऊन चढल्यावर, दुपारी द्या. ट्रेमध्ये दिलं तर उरलेलं लगेच कळतं.

वाढ अजिबात होत नाही, हेही खरं नाही. ती मंदावते. सायप्रिनस, चंदेरा आणि गवत्या हे मासे थंडी जास्त सोसतात, म्हणून मिश्र मत्स्यपालनात, म्हणजे एकाच तळ्यात अनेक जातींचे मासे वाढवताना, ते हवेतच. निफाडचा पारा पाच अंशांखाली गेला तरी दीड-दोन मीटर खोल तळ्याचं पाणी तेवढं गार होत नाही. उथळ तळ्यांची मात्र खरंच काळजी वाटते.

अंगावर लाल चट्टे किंवा जखमा दिसल्या, तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात लगेच दाखवा.